माणिकला भेटायला येरमाळ्याकडं

धाराशिवाहून येरमाळ्याला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. आज कुणीही एसटीत बसतो, डुलकी काढतो आणि उतरतो. पण आम्ही दोघं गेलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी कागदावर आमचं गाव उस्मानाबाद आणि घरात धाराशिव. एसटीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि येडशीला जाणाऱ्या मोटारीत बसायची आमची ऐपत नव्हती. शिवाय आम्ही देवदर्शनाला निघालो नव्हतो की लग्नाला. आमचा एक मित्र शाळा सोडून घरी जाऊन बसला होता, त्याला बघायला निघालो होतो. एवढ्यासाठी दोन दिवस पाय तुडवणारी पोरं तेव्हाही मोठ्या माणसांना खुळी वाटली.

मी सोळा वर्षांचा होतो. बडबड्या, भुकेचा कच्चा आणि पोहण्याची घमेंड असलेला. बरोबर हबीब. त्याचे अब्बा लुगडी रंगवायचे, त्यामुळं हबीबचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. आणि ज्याच्याकडं निघालो तो माणिक, येरमाळ्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो शाळेच्या वसतिगृहात राहायचा. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते तिथल्या लोकांनी बरीच वर्षं झाकून ठेवलं होतं.

आमची शाळा उर्दूत चालायची. माणिक आला तेव्हा त्याला अलिफ-बे येत नव्हतं. हबीबनं ते शिकवलं, आणि माणिकनं आम्हा दोघांना गणितात ओढत नेलं. पण हबीब त्याला मानायचा तो त्यासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी हबीबची अम्मी गेली, तेव्हा हा शाळेमागच्या भिंतीवर एकटा जाऊन बसायचा. मी शेजारी बसून मोठ्या माणसांकडून ऐकलेलं सगळं सांत्वन ऐकवून टाकायचो आणि हबीब उठून जायचा. माणिकनं एक अक्षर काढलं नाही. रोज मधल्या सुट्टीत शेंगा घेऊन जायचा, फोडायचा, अर्धे दाणे हबीबपुढं ठेवायचा आणि अर्धे आपण खायचा. बरेच दिवस हबीबपुढचे दाणे चिमण्या खात होत्या. मग एके दिवशी हबीबनं हात पुढं केला.

त्या पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, माणिकच्या गावचा माणूस वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. माणिकचा धाकटा भाऊ गोपाळ तापानं गेला होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. माणिक पाटी-दप्तर तिथंच टाकून गेला तो परत आलाच नाही. आठवड्याच्या बाजाराला कुणी तिकडचं भेटलं की आम्ही विचारायचो. उत्तर एकच, ‘तो आता येत न्हाय.’

ईद आणि दिवाळी त्या वर्षी लागोपाठ आल्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी हबीब शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन आमच्या घरी आला आणि दारातच म्हणाला, “दिवाळी झाली की माणिककडं जायचं. तू येणार नसशील तर मी एकटा जातो.”

“तुला वाट ठाऊक आहे का?”

“तोंड आहे ना. विचारीन.”

माझ्या आईनं फराळाचा डबा भरून दिला. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारचे, नात्यातले फराळ नेऊन देतात. लढाईमुळं साखर महाग, म्हणून लाडू गुळाचे होते. बाकी चकल्या, कडबोळी आणि चिवडा. हबीबच्या घरून खजूर मिळाले.

येडशी

भाऊबीज उरकून निघालो. शेंगांची पोती घेऊन येडशी स्टेशनला निघालेली एक गाडी मिळाली. गाडीवान म्हणाला, चढावर उतरायचं, उतारावर बसायचं. त्या रस्त्याला चढच जास्त आहेत हे त्यानं सांगितलं नाही. निम्मा रस्ता आम्ही चालत आणि निम्मा गाडी ढकलत गेलो, आणि तरी उतरताना तो म्हणाला की पोरांना फुकट आणलं.

वाटेत ज्वारी नुकती वीतभर आलेली, तूर फुलावर, बांधावर अंबाडी. गावाबाहेर पडल्यावर मला नेहमी भूक लागते. मी डब्याकडं दोनदा पाहिलं. हबीबनं डबा पोत्यांच्या पलीकडं ठेवला.

येडशीला रेल्वे होती. बार्शीकडून येणारी, अरुंद रुळांची, घोड्यापेक्षा थोडी जोरात पळणारी. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. तिकडून आलेली माणसं डब्यातून उतरताना जरा छाती काढूनच उतरायची, निदान मला तसं वाटायचं. हबीबनं गाडी पहिल्यांदाच पाहिली. इंजिन पाणी पीत होतं तोवर तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “माणिकला दाखवायला पाहिजे.” स्टेशनजवळच्या धर्मशाळेत पडलो. ढेकणांचं वर्णन करत नाही.

रामलिंग

सकाळी रामलिंगाची वाट धरली. सरळ रस्त्यानं गेलो असतो तर चाललं असतं, पण येडशीला येऊन रामलिंग न पाहता गेलास तर आई काय म्हणेल, असं मीच मला सांगितलं. जंगल दाट, दिवाळीतसुद्धा हिरवंगार. वाट खाली खोऱ्यात उतरते, ओढा वाहत असतो आणि मधोमध देऊळ. रावणाशी झुंजून जटायू पडला तो इथंच, असं तिथला म्हातारा पुजारी सांगतो. ऊन वरच्या झाडांवर होतं आणि खाली गारवा. पाण्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मला ती जागा फार आवडली, आजही आवडते.

हबीबला पायऱ्यांवर डब्याजवळ बसवून मी दर्शनाला गेलो. दोन मिनिटांत बाहेरून आरडाओरडा. येऊन पाहतो तर डबा आडवा, कडबोळ्या पायऱ्यांवर विखुरलेल्या, आणि एक गलेलठ्ठ वानर झाडाच्या फांदीवर बसून आमच्या घरचा लाडू दोन्ही हातांत धरून खातंय. हबीब खाली उभा राहून त्याला उर्दूतून शिव्या देत होता.

“अरे, राखायला बसवलं होतं ना तुला?”

“एक आला असता तर राखला असता. बारात आली होती!”

निम्मा फराळ गेला. मला इतका संताप आला की पुढचा कोसभर मी बोललो नाही, आणि हबीबच्या म्हणण्याप्रमाणं त्या प्रवासातला तोच सुखाचा भाग.

येरमाळा

घाट चढून येरमाळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ. तिकडं तिला येडाई म्हणतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईविषयी बोलावं तसं तिच्याविषयी बोलतात. पायथ्याच्या हॉटेलात चहा घेतला. हॉटेल म्हणजे चार मेढी, वर कडबा आणि खाली चूल. मालकानं तव्यावरचा धपाटा आणि गाडग्यातलं दही न मागता पुढं ठेवलं. धपाट्यात त्यानं हिरव्या मिरचीबरोबर लसूण असा घातला होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी मी दुसरा मागितला.

माणिकच्या गावाची वाट विचारली तर मालक जरा थांबला. “कुणाकडं?”

सांगितलं.

“त्ये पोरगं व्हय? त्येला बाहेरचं लागलंय. आयनं येडाईला दोनदा आणला, पीराच्या दर्ग्यात ताईत बांधला. तोंडातनं शबुद न्हाय. भाऊ गेला तवापासनं आसंच.” मग हबीबकडं बघून म्हणाला, “तुमी दोस्त का? लई उशीर केलासा.”

हबीबनं उरलेला धपाटा तसाच ठेवला. आम्ही उठलो.

दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. माणिक गोठ्यात खाली बसून दोरखंडाचा पीळ उलगडत होता आणि परत घालत होता. शाळेत असताना आमच्यात तोच अंगानं भरलेला होता. आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्यानं मान वर केली, म्हणाला, “आलाव व्हय,” आणि पुन्हा पीळ घालायला लागला.

मी रानातल्या वानरांची गोष्ट हातवारे करून सांगितली. तो हसला नाही. ऐकलं की नाही तेही कळलं नाही. मला घाबरल्यासारखं झालं. आजारी माणूस मी पाहिला होता, पण समोर बसलेला असून नसलेला माणूस पाहिला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला हुलग्याचं माडगं आणि भाकरी होती. हबीबचं ताट निराळं ठेवलं होतं. तशी तिकडं रीत होती आणि हबीबला सवय होती. पण त्याच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा माझ्यापेक्षा मोठा होता, हे मी पाहिलं. जेवण झाल्यावर माणिकची आई आम्हाला अंगणात घेऊन गेली. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोरांनो, चार दिस ऱ्हावा. पर त्येला येकटं सोडू नका. येक घटकाबी नगं.”

“का, मावशी?” मी विचारलं.

“नगं म्हणते म्हणून,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हबीब माझ्याकडं बघत राहिला. मावशींना कशाची भीती आहे ते त्याला कळलं होतं. मलाही कळलं, पण तोंडानं म्हणायची दोघांचीही छाती झाली नाही.

विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जो घोळ घातला तो माझ्यासारख्या शहाण्याच्याच हातून व्हायचा. दोन दिवसांची धूळ अंगावर होती, ढेकणांनी पाठ सोललेली. घरात घंगाळभर पाण्यात आंघोळ करायची मला कधीच मजा वाटली नाही. माणिकच्या मळ्यात विहीर आहे हे शाळेत असताना त्यानंच शंभरदा सांगितलं होतं. मावशी ओढ्यावर गेल्या होत्या, आप्पा म्हणजे माणिकचे वडील बैलांकडं. मी अंगणातून ओरडून सांगितलं, “मी विहिरीवर चाललो पोहायला,” आणि निघालो.

माणिक उठला आणि माझ्या मागं यायला लागला. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून हबीब त्याच्या मागं. मी पुढं गाणं म्हणत होतो.

विहीर चांगली बांधीव, पायऱ्यांची, काठोकाठ भरलेली. पण मोटेचं चामडं वाळून कडकडीत झालेलं, नाडा गुंडाळून ठेवलेला, आणि शेजारच्या वाफ्यात कांद्याची रोपं माना टाकून पडलेली. एवढं पाणी असून मोट बंद का, असा विचार माझ्या मनात आला आणि तसाच गेला. काठावरच्या आंब्याला एक वाळका दुध्या भोपळा टांगला होता. तिकडं पोरांना पोहायला शिकवताना असा पोकळ भोपळा पाठीला बांधतात, म्हणजे बुडत नाही. मी सदरा काढला आणि उडी टाकली.

आमच्या गावच्या बारवेत आम्ही पैज लावायचो, कोण जास्त वेळ तळाशी बसतो. त्यात मी कुणाला हार गेलो नव्हतो. हबीबला पोहता येत नव्हतं, त्यामुळं त्याच्यासमोर दिमाख दाखवायची मला भारी हौस. पाणी गार होतं. खाली गेलो, कपारीला धरून बसलो, छाती फुटायला आली तेव्हा वर निघालो. तेवढ्यात माझे केस कुणीतरी मुठीत धरले आणि असा हिसडा दिला की नाकातोंडात पाणी गेलं.

माणिक होता. धोतर-सदऱ्यासकट उडी घातली होती त्यानं. मला ओढत पायरीवर आणलं, आडवं पाडलं आणि मारायला लागला. थपडा, बुक्क्या, जिथं लागेल तिथं.

“मर की! तू बी मर! मर की!”

मी खोकत होतो, ओरडत होतो, “अरे सोड, मला येतं पोहायला, माणक्या!” त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. हबीब पायऱ्या उतरून आला आणि त्याला मागून मिठी मारली. तेव्हा कुठं माणिकचे हात थांबले आणि त्यानं हंबरडा फोडला. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आप्पा धावत आले. काठावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. ओलाचिंब माणिक, त्याला धरून बसलेला हबीब आणि खोकणारा मी. खाली उतरले नाहीत. थोडा वेळ तसेच उभे राहून परत गेले.

मग माणिक बोलला. पायरीवर बसून, पाण्याकडं बघत.

“ताप नव्हता,” तो म्हणाला.

गोपाळला त्यानं त्या उन्हाळ्यात पोहायला शिकवलं होतं. आंब्याला टांगलेला भोपळा गोपाळच्याच पाठीला बांधायचा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी माणिकनं भोपळा सोडला. गोपाळनं विहिरीला एक वळसा घातला. माणिक म्हणाला, पवतोस की रं तू आता, आणि शाळेला निघून आला. तीनचार दिवसांनी गोपाळ भर दुपारी एकटाच विहिरीवर गेला.

“मग ताप कुणी म्हटलं?” मी विचारलं.

गावानंच ठरवलं होतं. बुडून मेला म्हटलं तर पंचनामा होणार, पोलिसांचे अमीन साहेब येणार, प्रेत फाडायला जिल्ह्याला नेणार. आई वेडी झाली असती. म्हणून गावातली चार जाणती माणसं बसली आणि तापानं गेला असं सगळ्यांनी म्हणायचं ठरलं. कुणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे, त्या घरावर आणखी आफत नको म्हणून. आणि मग सगळे तेच म्हणत राहिले.

“आय बी ताप म्हणती. आप्पा बी ताप म्हणत्यात. घरात दार लावून बसलं तरी तापच,” माणिक म्हणाला. “म्या कुणाला सांगू? तापानं गेला आसंल तर मपलं काय चुकलं न्हाय. पर भोपळा म्या सोडला की रं. मपल्या हातानं.”

मी लगेच सुरू झालो. “अरे, यात तुझी काय चूक,” एवढं म्हटलं असेल, तोच हबीबनं माझी मांडी अशी चिमटीत धरली की पुढचे शब्द गिळावे लागले.

“हो,” हबीब म्हणाला. “सोडलास तू.”

मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

“शिकवलंस तूच, आणि सोडलास पण तूच. दोन्ही तूच केलंस. मी नाही कसं म्हणू?” मग तो म्हणाला, “अम्मी गेली ना, त्या दिवशी मी माळावर पतंग उडवत होतो. अब्बांनी बोलवायला पाठवलं होतं. मी म्हटलं, हा पेच झाला की येतो. पोचलो तर संपलं होतं. हे मी कुणाला बोललो नाही. ह्यालाही नाही,” म्हणजे मला.

“मला म्हाईत हाय,” माणिक म्हणाला.

“कसं?”

“तवापासनं वर पतंग दिसला की तू मान खाली घालतोस.”

हबीबनं त्याच्याकडं पाहिलं आणि दोघंही रडले. मग मीही रडलो, कारण दोन वर्षं या पोराबरोबर एका बाकावर बसून मला हे दिसलं नव्हतं. बराच वेळ आम्ही तिथं बसलो. ऊन पायऱ्यांवर उतरलं, कपडे अंगावरच वाळले. शेवटी मला भूक लागली आणि मी तसं सांगितलं, तर माणिक म्हणाला, “लागणारच तुला.” दोन दिवसांत त्यानं मला मारलेली ती पहिली कोपरखळी.

त्या रात्री जेवताना आप्पांनी भाकरी मोडता मोडता, कुणाकडं न बघता म्हटलं, “गोपाळ इहिरीत गेला. तापानं न्हाय.” त्यांच्या घरात ते वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. मावशी चुलीपुढून उठल्या आणि पाठ फिरवून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. गोपाळ गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या असं आप्पा नंतर म्हणाले. मळ्याकडंही फिरकल्या नव्हत्या.

भोपळा

याचा अर्थ माणिक बरा झाला असा नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गोठ्यात जाऊन बसला. जेवण अर्धवट. आम्ही शाळेचं नाव काढलं नाही, एवढी अक्कल आली होती. दोघांपैकी एकजण कायम त्याच्याजवळ. हबीब शेंगा फोडायचा. मी गप्प बसायचा अभ्यास करत होतो आणि तो अभ्यास उर्दूपेक्षा अवघड निघाला.

दुपारी हबीब उठला. “मला पोहायला शिकव,” तो माणिकला म्हणाला.

“न्हाय.”

“का?”

“न्हाय म्हटलं की.”

“मग मी ह्याच्याकडून शिकतो,” म्हणून हबीबनं मला ओढलं आणि आम्ही मळ्यात गेलो. माणिक आला मागं. येणारच होता. हबीब पाण्याला किती भ्यायचा ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गावच्या बारवेत तो तिसऱ्या पायरीच्या खाली कधी उतरला नाही, आणि त्यावरून पोरं त्याला फार छळायची. त्यानं आंब्याचा भोपळा काढला आणि दोरी स्वतःच अंगाभोवती गुंडाळायला लागला. दोरी एकदा गळ्यावरून, एकदा काखेतून, पुन्हा गळ्यावरून.

माणिकनं थोडा वेळ पाहिलं. मग त्याला राहवेना.

“आसं बांधत्यात व्हय? पान्यात गेल्यावर गळ्याला फास बसंल की,” तो म्हणाला आणि पुढं होऊन दोरी सोडली. छातीवरून, दोन्ही काखांतून, गाठ पाठीवर. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. मग किती तरी वेळ गाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी म्हणणार होतो, चला आता. नाही म्हटलं.

“पाय सैल सोड,” माणिक म्हणाला आणि आधी स्वतः पाण्यात उतरला.

हबीबनं पहिल्या दिवशी जे केलं त्याला पोहणं म्हणत नाहीत. त्यानं माणिकच्या गळ्याला मिठी मारली, अल्लाला आणि येडाईला दोघांनाही हाका मारल्या, आणि निम्मी विहीर प्यायला. मी काठावर हसून लोळलो. माणिक मात्र एकदाही हसला नाही. हबीबच्या पोटाखाली हात धरून तो सारखं सांगत होता, “म्या हाय. म्या हाय न्हवं. पाय मार.”

पुढच्या सकाळी आम्ही गेलो तर आप्पांनी बैल आणून मोट जुंपली होती. चामडं दोन दिवस भिजवून मऊ केलेलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एका अंगाला मोट चालू आणि दुसऱ्या अंगाला हबीबचं पाय मारणं, असा तो दिवस गेला. कांद्याला पाणी मिळालं. माणिकनं दीड भाकरी खाल्ली. हे मी पाहिलं आणि मावशींनीही पाहिलं.

निघायचा दिवस

शेवटच्या दिवशी हबीब विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकटा गेला, भोपळ्यासकट. त्याचा आनंद काय विचारता! त्यानं मला नावानं हाक मारून सांगितलं की शाळेत आता कुणी काही बोलून दाखवावं. आम्हाला दुपारच्या आत निघायचं होतं. आप्पांनी मोट थांबवली होती आणि बैलांना वैरण टाकत होते. मावशी आमची शिदोरी घेऊन मळ्यात आल्या. भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा. त्या बांधाशी थांबल्या, मग हळूहळू विहिरीपर्यंत आल्या.

हबीब पायरीला आला, माणिककडं पाठ केली आणि म्हणाला, “सोड आता भोपळा. एक वळसा तसाच मारतो.”

मोट थांबलेली असल्यामुळं ते सगळ्यांना ऐकू आलं. आप्पांचा वैरणीचा हात थांबला. माणिकनं गाठीला हात लावला. त्यानं गाठ सोडली तर काय होईल ते मला समजत नव्हतं, आणि नाही सोडली तर तो पुन्हा गोठ्यात जाऊन बसेल असंही वाटत होतं.

“न्हाय,” माणिक म्हणाला.

“अरे, येतंय मला!”

“येतंय, पर पाय अजून जड पडत्यात तुझं. दम पुरत न्हाय.” त्याचा आवाज मास्तरासारखा होता, शाळेत गणित समजावताना व्हायचा तसा. “उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. महिनाभर ऱ्हा. मग म्या सोडीन. तवर दुसऱ्या कुनाला सोडू द्यायचा न्हाय. ह्येला तर मुळीच न्हाय,” म्हणून त्यानं माझ्याकडं बोट केलं.

हबीब त्याच्याकडं वळला. गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून त्यानं सरळ विचारलं, “उन्हाळ्यात तू असशील ना?”

चार दिवस आम्हा कुणाच्या तोंडून निघाला नव्हता तो हा प्रश्न. आप्पा, मावशी, मी, सगळे तिथंच होतो.

माणिकनं वर पाहिलं. आईकडं पाहिलं.

“आसतो की,” तो म्हणाला. “म्या कुठं जातो.”

मावशी विहिरीच्या काठावर जिथं उभ्या होत्या तिथंच बसल्या, शिदोरी मांडीवर ठेवली आणि पदर तोंडाला लावून मोठमोठ्यानं रडायला लागल्या. गोपाळचं नाव घेऊन रडल्या. मी उठून त्यांच्याकडं निघालो, तर आप्पा म्हणाले, “रडू दे तिला.” माणिक पायऱ्या चढून वर आला आणि निथळत्या कपड्यांनी त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांनी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

खाली हबीब पायरी सोडून मधोमध गेला होता आणि त्याला वळता येत नव्हतं. “अरे, मला कुणीतरी धरा रे!” तो ओरडला, आणि आईच्या कुशीतून मान वर काढून माणिक म्हणाला, “पाय मार. म्या बघतोय.”